पश्चिमेला तोंड असलेली इमारत: सिम्युलेशन कधी करायचं आणि त्याला काय विचारायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात ताराबाई पार्क भागात एका सहकारी पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयाचं काम तुमच्याकडे आलं आहे. तळमजला आणि वर तीन मजले, रस्ता पश्चिमेला, आणि संचालक मंडळाला दर्शनी बाजू पूर्ण काचेची हवी आहे. कुणीतरी तुम्हाला ऊर्जेचं सिम्युलेशन, म्हणजे इमारतीचं संगणकावर मॉडेल करून ती किती तापेल आणि किती वीज खाईल याचा हिशेब, करून घ्यायला सांगितलं. त्याचा खर्च वसूल होईल का, सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं, आणि त्यात येणारा आकडा उद्याच्या लाईट बिलाशी जुळेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. नव्या इमारतीचं बिल सिम्युलेशनशी सहसा जुळत नाही. लोक किती वाजता येतात, एसी कितीवर ठेवतात, दार उघडं टाकतात की लावतात, पुढच्या वर्षी मे किती तापेल, यातलं काहीच आज ठाऊक नसतं. पण ‘दर्शनी भागात काच ७० टक्के ठेवली तर काय आणि ३० टक्के केली तर काय’ असं विचारलं, तर या अनिश्चित गोष्टी दोन्ही वेळा सारख्याच असतात आणि दोन उत्तरांमधला फरक बऱ्यापैकी विश्वासाचा ठरतो. सिम्युलेशन पर्यायांची तुलना करण्यासाठी आहे. हे संचालक मंडळाला पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा, नाहीतर वर्षभराने कुणीतरी बिल घेऊन तुमच्या दारात उभं राहील.

यावरूनच ते कधी करायचं हे ठरतं. नकाशे महापालिकेत गेले, काचेची ऑर्डर गेली, एसीच्या कॉन्ट्रॅक्टरने टनांचा आकडा दिला, आणि मग सिम्युलेशन केलं तर हाती फक्त एक रंगीत अहवाल येतो. जिना कुठे, स्वच्छतागृहं कुठे, काच किती आणि सज्जा किती, हे पेन्सिलने खोडता येतं तोवर मॉडेल चालवा. त्या टप्प्यावर चौकोनी ठोकळ्यांचं साधं मॉडेलही पुरतं. माहितगार माणसाला त्याला दोन-चार दिवस लागतात, आणि सगळ्यात मोठे निर्णय त्यावरच होतात. खर्च वसूल होतो तो इथे.

आत नेमकं काय घडतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे उत्तर तपासता येईल. एनर्जीप्लससारखा प्रोग्रॅम वर्षाचे ८७६० तास एकेक करून चालवतो. दर तासाला, बहुतेकदा त्याहूनही लहान टप्प्याने, तो प्रत्येक खोलीच्या उष्णतेचा हिशेब मांडतो: काचेतून आलेलं ऊन, भिंती-स्लॅबमधून उशिराने झिरपणारी उष्णता, माणसं, दिवे, संगणक, फटींतून शिरणारी हवा, आणि हे सगळं बाहेर काढायला एसीने घेतलेली वीज. एनर्जीप्लस अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २००१ मध्ये आणला. त्याआधीच्या ब्लास्ट आणि डीओई-२ या दोन प्रोग्रॅमच्या अनुभवावर तो उभा आहे, आणि तो फुकट मिळतो. ओपनस्टुडिओ हा तो वापरायला सोपा करणारा, त्यावर चढवलेला फुकट मुखवटा, डिझाइनबिल्डर हा विकतचा. आयईएस, ईक्वेस्ट हे वेगळे प्रोग्रॅमही चालतात. सॉफ्टवेअरवर फार डोकं खपवू नका. एकच इमारत दोन चांगल्या प्रोग्रॅममध्ये घातली तर उत्तरांत फरक पडतो, पण दोन माणसांनी दिलेल्या माहितीमुळे पडणारा फरक त्याहून कितीतरी मोठा असतो.

माहितीतली पहिली गोष्ट हवामानाची फाइल, म्हणजे एखाद्या गावाच्या वर्षभराच्या हवामानाचे तासातासाचे आकडे. बरेच सल्लागार सवयीने पुण्याची फाइल लावतात. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी पाठीशी. एप्रिलमध्ये दुपारी ३७-३८ अंश आणि पहाटे २२-२३, म्हणजे दिवस-रात्रीत पंधरा अंशांचा फरक. जुलैत मात्र दिवसाही पारा २६-२७ च्या आसपास आणि हवा ओलीचिंब. नकाशावर रत्नागिरी जवळ दिसते, म्हणून तिची फाइल लावणंही चूक, कारण समुद्रकाठी रात्री अशा थंड होत नाहीत आणि कोल्हापुरातल्या इमारतीचा खरा फायदा रात्रीच्याच गारव्यात आहे. कोल्हापूरची चांगली फाइल हाती नसेल तर बेळगावची स्वभावाने जवळची. मात्र बेळगाव आपल्यापेक्षा उंच आणि किंचित थंड आहे, हे एप्रिल-मेचे आकडे वाचताना ध्यानात ठेवा. कुठलीही फाइल घेतली तरी तिचे महिनावार कमाल-किमान आकडे हवामान खात्याच्या कोल्हापूरच्या सरासरीशी ताडून पाहा. तासाभराचं काम आहे, आणि ते केलेलं मला फार क्वचित दिसतं.

आता उन्हाकडे येऊ. तुमच्या इमारतीचा प्रश्न मुळात तोच आहे.

कोल्हापूरकरांना सूर्याची चाल शिकवायला नको. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीकडे येतात तो सोहळा, आपण वर्षातून दोनदा पाहतो, नोव्हेंबरच्या ९ तारखेच्या सुमारास आणि पुन्हा ३१ जानेवारीच्या सुमारास. या दोन्ही वेळा २१ डिसेंबरपासून एकेचाळीस-बेचाळीस दिवसांच्या अंतरावर आहेत. म्हणूनच सूर्य दोन्ही वेळा क्षितिजावर एकाच जागी, पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. सिम्युलेशनमधलं ऊन याच गणिताने चालतं. मधल्या बांधकामांमुळे किरणं अडतात अशी तक्रारही आपण अनेक वर्षं ऐकतो आहोत, आणि तोच धडा मॉडेललाही लागू आहे. समोरची, शेजारची इमारत, पाण्याची टाकी, मोठं झाड यांचे ठोकळे मॉडेलमध्ये नसतील तर तुमच्या काचेवर प्रत्यक्षात न पडणारं ऊन पडतं. उलटही होतं: समोरचा रिकामा प्लॉट उद्या बांधला जाणार असेल तर दोन्ही स्थितींत चालवून पाहा.

आणखी एक बारकावा. आपलं रेखांश ७४ अंशांच्या थोडं पुढे, आणि घड्याळ लावलेलं ८२.५ अंशांवर. त्यामुळे आपल्याकडे सूर्य घड्याळापेक्षा सुमारे ३३ मिनिटं मागे असतो. घड्याळात साडेचार वाजले की उन्हाच्या हिशेबात चारच. कार्यालय साडेपाच-सहाला सुटतं, म्हणजे पश्चिमेचं सगळं तिरपं ऊन कामाच्या वेळेतच येतं. फाइलमध्ये अक्षांश-रेखांश आणि वेळेचा फरक बरोबर आहे का, ते बघून घ्या.

एप्रिलच्या मध्याला संध्याकाळी साडेचारला सूर्य क्षितिजापासून साधारण ३१ अंशांवर आणि जवळजवळ नेमका पश्चिमेला, तुमच्या काचेच्या अगदी समोर असतो. दीड मीटर उंचीची खिडकी त्या क्षणी पूर्ण सावलीत ठेवायची तर सज्जा अडीच मीटर बाहेर काढावा लागेल. म्हणजे पश्चिमेला नेहमीच्या दोन फुटी सज्जाचा उपयोग जवळपास नाही. भिंतीला काटकोनात उभ्या पट्ट्या लावणंही हल्ली फार दिसतं. सूर्य समोरासमोर असताना त्या पट्ट्यांच्या मधून ऊन सरळ आत येतं. पट्ट्या तिरक्या हव्यात, किंवा एकमेकींच्या जवळ बसवलेल्या आडव्या पट्ट्या, म्हणजे लुव्हर, हव्यात, किंवा काचेपासून थोडी पुढे जाळी हवी. दक्षिणेला मात्र तोच दोन फुटी सज्जा छान काम करतो. मार्च अखेरीस दुपारी सूर्य ७३ अंशांच्या वर असतो आणि चार फुटी खिडकी पूर्ण झाकली जाते.

उत्तरेबद्दल एक गैरसमज आपल्याकडे पक्का आहे, की उत्तरेला ऊन येतच नाही. आपलं अक्षांश १६.७. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारीही उत्तरेकडे झुकलेला असतो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तर मार्च अखेरपासूनच उत्तर भिंतीला लागायला लागतं. जून-जुलैत ढग असतात म्हणून निभावतं, पण एप्रिल-मेसाठी उत्तरेच्या खिडक्यांनाही बाजूच्या पट्ट्या हव्यात. उद्यमनगर-शिरोलीकडे जे नॉर्थलाइटचे, म्हणजे उत्तरेकडून उजेड घेणारे, कारखान्यांचे शेड बांधतात त्यांनाही माझं हेच सांगणं असतं.

मॉडेल चालवण्याआधी एक हिशेब कागदावर करा. पश्चिमेला ४० चौरस मीटर काच धरा. एप्रिलमध्ये निरभ्र दुपारी साडेचारला त्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला सुमारे ६५० वॅट ऊन पडतं. साधी ६ मिमी पारदर्शक काच त्यातला ८० टक्के भाग आत सोडते, म्हणजे साधारण २१ किलोवॅट. एक टन एसी म्हणजे ३.५ किलोवॅट, तेव्हा नुसत्या त्या काचेसाठी सहा टन गेले. ऊन ३० टक्केच आत सोडणारी काच घेतली तर सव्वादोन टन. काच निम्मी केली आणि बाहेर लुव्हर लावली तर त्याहूनही कमी. सिम्युलेशनचं उत्तर या हिशेबाच्या आसपास यायला हवं. फारच वेगळं आलं तर प्रोग्रॅमला दोष देण्याआधी मॉडेलमध्ये काच उलट्या बाजूला लागली आहे का ते पाहा. संचालकांना पटवायलाही हा कागदच कामी येतो. त्यांना किलोवॅट-तास कळत नाहीत, पण ‘दर्शनी काचेसाठी सहा टन एसी’ हे लगेच कळतं.

इथेच विभागांचा प्रश्न येतो. विभाग म्हणजे मॉडेलमध्ये एकाच तापमानाचा धरलेला भाग. घाईत पूर्ण मजला एकच विभाग म्हणून मॉडेल केला जातो. मग पश्चिमेची उष्णता साऱ्या मजल्यावर सरासरीत विरघळते आणि अहवालात सगळं छान दिसतं. प्रत्यक्षात काउंटरमागचा कॅशियर घामाने निथळत असतो आणि पूर्वेकडच्या व्यवस्थापकाच्या खोलीत स्वेटर लागतो. काचेपासून साधारण साडेचार मीटरची पट्टी प्रत्येक दिशेला वेगळी धरा आणि मधला भाग वेगळा. सल्लागाराला पहिला प्रश्न हाच विचारा: एका मजल्यावर किती विभाग केले?

वरच्या मजल्याचं दुखणं स्लॅबचं. उन्हाळ्यात इमारतीच्या सगळ्या पृष्ठभागांत गच्ची सर्वाधिक तापते. साधा आरसीसी स्लॅब आणि त्यावर ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा ही आपली नेहमीची रचना पाणी अडवते, उष्णता फारशी नाही, आणि दुपारी साठवलेली उष्णता संध्याकाळी खाली सोडते. घरांसाठीच्या इको निवास संहितेने (२०१८) छपराच्या यू-मूल्याला (छपरातून किती उष्णता आत जाते त्याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) १.२ ची मर्यादा घातली आणि उघडा स्लॅब तिच्या कितीतरी वर जातो. पांढरा चायना मोझॅक किंवा परावर्तक रंग, त्याखाली फोमचा थर, किंवा दोन्ही, असे तीन पर्याय चालवून बघा. मला बहुतेक वेळा असं दिसतं की नुसत्या पांढऱ्या पृष्ठभागाने बराच फरक पडतो, पण तो स्वच्छ राहिला तरच. म्हणून मॉडेलमध्ये नव्या रंगाचा नव्हे, दोन पावसाळे पाहिलेल्या, मळलेल्या रंगाचा आकडा घाला. सोलर पॅनेल बसणार असतील तर त्यांची सावलीही स्लॅबवर धरा. भिंतींबाबत फार लिहीत नाही: नऊ इंची विटेपेक्षा आठ इंची एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकमधून उष्णता निम्म्याहून कमी जाते, पण एवढी काच असलेल्या इमारतीत त्या सुधारणेचा वाटा काच आणि छपराच्या मानाने लहान निघेल.

आता कोल्हापूरसाठी मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आपल्याकडे वर्षातले बरेच तास असे आहेत की एसी लागतच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी, आणि जवळपास पूर्ण पावसाळा, पंखा आणि उघडी खिडकी पुरते. तरी काचबंद इमारत बांधली की ते तास हातचे जातात, कारण उघडायला काही उरत नाही. म्हणून सल्लागाराला ‘किती टन’ विचारण्याआधी विचारा: वर्षातल्या कामाच्या किती तासांत एसीशिवाय चालेल? हे ठरवायला भारतीय निकष आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासातून तो आला आणि २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत घेतला गेला. एसी आणि खिडक्या दोन्ही वापरणाऱ्या इमारतीसाठी सूत्र असं: बाहेरच्या ३० दिवसांच्या सरासरी तापमानाला ०.२८ ने गुणा, १७.८७ मिळवा. एप्रिलची सरासरी २९ धरली तर उत्तर येतं २६, आणि साडेतीन अंश इकडेतिकडे झालं तरी ९० टक्के लोकांना चालतं. म्हणजे साडेएकोणतीसपर्यंत. सिम्युलेशनमध्ये एसी बावीसला लावून ठेवला असेल, आणि फार वेळा तसाच असतो, तर खर्चाचे सगळे आकडे फुगतात आणि खिडकीचा फायदा दिसतच नाही.

पण मॉडेलमध्ये खिडकी उघडणं सोपं, प्रत्यक्षात अवघड. आपला पाऊस पश्चिमेकडून तिरपा येतो. जुलैत बाहेरची हवा हवीहवीशी गार असते, तरी खिडकी उघडली की टेबलावरची कर्जाची कागदपत्रं भिजतात. मग शिपाईमामा खिडकी लावून टाकतात आणि एसी सुरू होतो. म्हणून पावसातही उघडी ठेवता येईल अशी खिडकी काढा: खोल लुव्हरमागची, वरच्या बाजूला झडप असलेली, किंवा पूर्व बाजूची. आणि मॉडेलमध्ये जून ते सप्टेंबर पश्चिमेच्या खिडक्या बंदच धरा. उघड्या धरून मिळालेली बचत तुम्हाला कधीच दिसणार नाही. रेकॉर्ड रूमचा मात्र वेगळा विचार करा. तिथे ओल्या हवेने बुरशी धरते, ती खोली बंद ठेवून कोरडी राखावी लागेल.

रात्रीचा गारवा हा दुसरा न वापरलेला खजिना. जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती मार्च-एप्रिलमध्ये दुपारपर्यंत गार राहतात, कारण रात्रभर त्या थंड झालेल्या असतात. तुमच्या इमारतीत तेवढं वजन नाही, पण उघडा ठेवलेला काँक्रीट स्लॅब आहे. फॉल्स सीलिंगने तो पूर्ण झाकू नका, आणि पहाटे दोन-तीन तास एक्झॉस्ट पंखे चालवून बघण्याचा पर्याय मॉडेलमध्ये घाला. पतसंस्थेत रात्री खिडक्या उघड्या ठेवायला सुरक्षेमुळे कुणी परवानगी देणार नाही, म्हणून ग्रिलच्या आत बसणारे पंखे आणि बंद होणाऱ्या झडपा.

वेळापत्रकाची माहिती संचालकांकडून घेऊ नका. ते सांगतील दहा ते साडेपाच. सध्याच्या शाखेत एक दिवस बसा आणि शिपायाला, वॉचमनला विचारा. साडेनऊला झाडलोट करताना सगळे दिवे आणि एसी चालू होतात, सर्व्हरच्या खोलीतला एसी रात्रंदिवस चालतो, वसुलीचे लोक दुपारी नसतातच, मार्च अखेरीला रात्री उशिरापर्यंत काम चालतं. चोवीस तास चालणारी ती एक लहान खोली वर्षाच्या हिशेबात एका मजल्याच्या बरोबरीने वीज खाऊ शकते. सध्याच्या शाखेची बारा महिन्यांची बिलं मिळाली तर अजून चांगलं. तिचं छोटं मॉडेल करा आणि बिलांशी जुळवा. अॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या मार्गदर्शक १४ नुसार महिनावार हिशेबात एकूण फरक ५ टक्क्यांच्या आणि महिन्या-महिन्यातला चढउतार १५ टक्क्यांच्या आत आला तर मॉडेल जुळलं म्हणतात. त्यातून निघालेली माणसांच्या सवयींची माहिती नव्या इमारतीत घाला.

एसीच्या टनांबद्दल. शंभर-सव्वाशे चौरस फुटांना एक टन हा बाजारातला ठोकताळा सावली नसलेल्या काचेसाठी बेतलेला आहे. ऊन अडवूनही त्याच हिशेबाने यंत्रं घेतली तर पैसे दोनदा जातात. शिवाय गरजेपेक्षा मोठा, एकाच वेगाने चालणारा एसी पावसाळ्यात लवकर गार करून बंद पडतो, हवा कोरडी करायला त्याला वेळच मिळत नाही. खोली थंड आणि तरीही चिकट राहते, मग लोक आणखी दोन अंश खाली आणतात. एसी किती मोठा घ्यायचा हे ठरवण्याच्या टप्प्यावर खऱ्या यंत्राची माहिती घालूनच मॉडेल चालवा, कारण आदर्श यंत्र धरलेलं मॉडेल हे दाखवत नाही. वर्षात किती तास तापमान राखता आलं नाही, तो आकडाही मागा. तीनशेच्या वर असेल तर मॉडेलमध्ये काहीतरी बिघडलं आहे किंवा यंत्रणा अपुरी आहे.

कायद्याचं थोडक्यात: केंद्राची ईसीबीसी २०१७ ही इमारतींच्या ऊर्जा बचतीची संहिता १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए मागणीपासून पुढच्या व्यावसायिक इमारतींसाठी लिहिली गेली. तुमची इमारत ऊन नीट अडवलं तर बहुधा त्याखाली राहील. तरीही काच आणि छपराच्या तिच्या मर्यादा तुलनेसाठी पायाभूत म्हणून घ्या.

सिम्युलेशनच्या बाहेरची एक गोष्ट, पण सांगायलाच हवी. २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिले आहेत. प्लॉटची पूररेषा तपासा आणि विजेचं पॅनेल, यूपीएस, जनरेटर तळघरात ठेवू नका. मॉडेलमध्ये तळघर थंड आणि सोयीचं दिसतं म्हणून तिकडे ढकलण्याचा मोह होतो.

सल्लागाराशी करार करताना अहवालाबरोबर मॉडेलची फाइल आणि घातलेल्या सगळ्या माहितीचा तक्ता संस्थेच्या नावावर मिळेल असं लिहून घ्या. तक्त्यात काच किती ऊन आत सोडते तो गुणांक, एसीचं तापमान, माणसांची संख्या, हवेची गळती, सगळं असावं. आणि आत्ताच, नकाशातच, एसी, दिवे, सर्व्हर आणि लिफ्टसाठी वेगळे सबमीटर दाखवा. वायरिंग झाल्यावर ते लावायला दुप्पट त्रास होतो. पहिल्या वर्षाचे सबमीटरचे आकडे आले की त्याच सल्लागाराकडून मॉडेल एकदा जुळवून घेण्याचे पैसे सुरुवातीच्याच करारात धरा. संस्थेची पुढची शाखा बांधायची वेळ येईल तेव्हा तेच जुळवलेलं मॉडेल वापरता येईल.